कावळा तेवढा आमचा

कावळे नव्हते असं नाही. माहुलीच्या संगमावर कावळ्यांना काय तोटा! पिंपळावर होते, देवळाच्या कळसावर होते, एक तर पिंडापासून हातभर अंतरावर येऊन मान वाकडी करून बघत होता. बघायचा, मागं सरायचा, दगडाला चोच घासायचा आणि पुन्हा बघायचा. मानपान राहिलेल्या व्याह्यासारखं चाललं होतं मेल्याचं.

“भजी ठेवलीत ना, वहिनी?” अरुणभावजींनी विचारलं. हे माझे धाकटे दीर. माझ्या नवऱ्याला अग्नी त्यांनीच दिला होता आणि दहाव्यालाही तेच बसले होते, कारण आमचा मुलगा हृषीकेश अमेरिकेत.

“ठेवली की. कांद्याची ठेवली, बटाट्याची ठेवली. कंदी पेढाही ठेवलाय.”

“मग अडलंय कुठं?”

 अडलंय कुठं ते घाटावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. भावजींनाही. सगळ्यांचे डोळे फिरून फिरून पायरीवर छत्री उघडून बसलेल्या माझ्या लेकीकडं जात होते. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता, पण छत्री तिला आवडते म्हणून उघडलेली.

तिचं नाव प्रतिभा. बारशाला आत्यानं ठेवलेलं. तेव्हा आम्हाला काय कल्पना! पुढं पुढं ते नाव हाक मारायला जिभेवर येईना, मग सगळे बेबीच म्हणायला लागले, ते तिशी उलटली तरी बेबीच. तिला घास भरवावा लागत नाही. स्वतःची अंघोळ करते, वेणी मात्र मी घालते. पण ताटात काय वाढायचं, रस्ता कधी ओलांडायचा, कुणाला दार उघडायचं आणि कुणाला नाही, हे दुसऱ्या कुणीतरी ठरवावं लागतं. आम्ही दोघं होतो तोवर ठरवत होतो. आता मी एकटी उरले होते, आणि मी काही अमरपट्टा घेऊन आलेली नाही.

ह्यांच्या जिवाला शेवटी तेवढाच घोर होता. दवाखान्यातून हृषीला फोन करून विचारलं होतं, “आमच्या दोघांमागं बेबीचं तू बघशील ना रे?” तर तो म्हणाला, “बाबा, तुम्ही आधी बरे व्हा. मग बोलू आपण.” ते ‘मग’ काही आलं नाही. नाही म्हणाला असता तरी परवडलं असतं. मी दुसरी वाट बघितली असती. पण ह्यानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. हे फोन कानाला तसाच धरून कितीतरी वेळ बसले होते.

तरी मला आशा होती, आणि ती ह्या घाटावर होती. सांगते का ते. हृषी शाळेत असताना त्याचे आजोबा गेले. त्यांच्याही पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं, माणसं कंटाळली. शेवटी ह्यांनी हात जोडले आणि म्हणाले, “आप्पा, अरुणचं शिक्षण मी पुरं करीन.” शब्द तोंडातून बाहेर पडायचा अवकाश, वरनं कावळा आला तो थेट पिंडावर. हृषी बापाचं धोतर धरून उभा होता, डोळे हे एवढे मोठे. तेव्हापासून पोराचा देवावर विश्वास नाही पण कावळ्यावर आहे. अमेरिकेतल्या मित्रांनाही ही गोष्ट सांगतो. म्हणजे फोनवर तो टाळेल, पण बापाच्या पिंडापुढं नाही टाळणार. कावळा अडून बसला की ह्याच्या तोंडून हो निघेलच, एवढं मी माझ्या पोराला ओळखते.

पण येणार कसा? त्याचं व्हिसाचं काहीतरी अडकलं होतं. बाहेर पडला असता तर परत आत घेतील का नाही याची खात्री नव्हती. मी हातपाय गाळून बसले होते तेव्हा माझा भाऊ म्हणाला, “अक्का, हृषी घाटावर असेल. मी आणतो त्याला.”

माझा भाऊ म्हणजे पद्माकर करंबेळकर. नाव ऐकलं असेल तुम्ही. आता सगळीकडं भाषणं देत फिरतो, मोबाइलनं माणसाचं कसं वाटोळं केलं म्हणून. पण त्याआधी त्याची कीर्ती अगदी उलटी होती. इकडं कुणाला काही कळत नव्हतं तेव्हा त्यानं पुण्यात एका गॅरेजमध्ये बसून डोळ्यांवर लावायचं ते यंत्र जुळवलं होतं. लावलं की माणूस खुर्चीत बसल्या बसल्या दुसऱ्याच जगात. मी त्याला तोबरा म्हणायचे, घोड्याचा असतो तसा. पेपरात त्याचा फोटो आला होता, ‘आभासी जगाचा मराठी शिल्पकार’. आईनं तो देवघरात लावला होता.

खोटं कशाला बोलू, मलाही अभिमान होता. हे दवाखान्यात पडून असताना पद्माकर पुण्याहून तोबरा घेऊन आला आणि त्यानं ह्यांना कासच्या पठारावर फिरवून आणलं. पलंगावर पडल्या पडल्या हे हात पुढं करत होते. म्हणाले, “पद्माकर, फुलांना हात लागत नाही रे. पण असू दे, चालेल.” बाहेर येऊन पद्माकर जिन्यात रडला. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल तो पहिल्यापासूनच तसला होता.

तर त्याची नवी कंपनी निघाली होती, ‘सन्निध’ नावाची. लांबच्या माणसांना घरच्या कार्याला हजर करायचं. लग्न, मुंज, बारसं, आणि हे असलंही. घाटावर तिवईवर एक काळा गोळा ठेवला होता, सगळ्या बाजूंनी डोळे असलेला. तिकडं हृषी तोबरा लावून बसला की त्याला माहुली दिसणार, मान वळवली की नदी, वर बघितलं की पिंपळ. त्याचा आवाज यायला एक कर्णा लावला होता. आणि बाजूला मांडवात मुंबईहून आलेले चार पाहुणे खुर्च्यांवर तोबरे लावून बसले होते. ते कंपनीत पैसे घालणार की नाही ते त्या दिवशी ठरणार होतं. माझ्या नवऱ्याचा दहावा त्यांना नमुना म्हणून दाखवायचा होता. मला हे आधी सांगितलेलं नव्हतं, पण घाटावर कळल्यावरही मी काही म्हटलं नाही. म्हटलं बघेनात बापडे, माझा मुलगा तर बोलेल.

बायका घाटावर जात नाहीत आमच्यात. मी गेले होते ती ह्याच्यासाठी.

भावजींनी पुन्हा हात जोडले. “दादा, तुझी स्कूटर मी विकणार नाही, जपून ठेवीन.”

कावळा ढिम्म.

“दादा, कुलदैवताला जायचं राहिलं होतं तुझं. आम्ही सगळे जाऊन येऊ.”

ढिम्म. उलट एक होता तोही उडून पिंपळावर जाऊन बसला. बेबी छत्रीखालून ओरडली, “गेला! गेला!” आणि टाळ्या वाजवायला लागली.

गिजरे गुरुजी इतका वेळ गप्प होते. म्हातारा माणूस, आमच्या घरातलं सगळं त्यांना माहीत. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “वहिनी, हे धाकट्याचं काम नाही. मोठ्या मुलाला बोलू दे. लेकीचं काय ते त्यानं बोलावं.”

मला तेच हवं होतं.  मी पदर खोचला आणि कर्ण्यापाशी गेले, हृषीला सांगायला, की बाळा, बघतोयस ना, बाबा अडून बसलेत, आता तू बोल.

तेवढ्यात कर्णाच बोलला.

“आई! शिवला गं!” हृषीचा आवाज, रडवेला आणि हसरा. “शिवला! बघितलास ना? मी बेबीचं बोलायला तोंड उघडतोय तेवढ्यात आलाच की!”

घाटावर कुणी हललं नाही. भावजींनी पिंडाकडं बघितलं. गुरुजींनी बघितलं. मी बघितलं. पिंड जसाच्या तसा. भजी जशीच्या तशी. त्याच्या जवळपास मुंगीसुद्धा नव्हती.

“काहीच राहिलं नव्हतं गं बाबांचं,” हृषी बोलत होता. “मी उगाच किती दिवस मनाला लावून घेतलं होतं. आता शांत वाटतंय. अगदी शांत.”

मी तोंड उघडलं. पण पद्माकर माझ्याआधी पोचला होता. त्यानं खटका दाबला, आमचा आवाज तिकडं जाणं बंद झालं. तिकडून हृषी म्हणत होता, “आवाज येत नाहीये. असू दे. तुम्ही जेवून घ्या. मी संध्याकाळी करतो फोन.” आणि कर्णा गप्प झाला.

“कुठला कावळा बघितला रे त्यानं?” मी विचारलं.

“अक्का, इकडं ये जरा.”

“इथंच बोल.”

“हळू गं, माणसं आहेत.” त्यानं माझं कोपर धरलं आणि मला चार पायऱ्या खाली पाण्याशी नेलं. “हे बघ. घाट खरा, गुरुजी खरे, पिंड खरा. कावळा तेवढा आमचा.”

“आमचा म्हणजे?”

“म्हणजे आम्ही बनवलेला. चित्रातला. ठरावीक वेळ गेला की तो येतो, शिवतो आणि उडून जातो.”

“आणि खरा आला नाही तर?”

“तर काय, त्यांना तो आलेला दिसतो.” माझा चेहरा बघून तो घाईघाईनं बोलायला लागला. “आधी नव्हता गं ठेवला. पण पहिल्या घरांमधून बघितलं ना, खरा कावळा येत नाही, तास तास जातो, तिकडचा माणूस घामाघूम होतो. अपराधी वाटतं त्याला. एक जण तर यंत्र फेकून उठला. असं झालं तर पुन्हा कोण बोलावेल आम्हाला? लोकांना समाधान हवं असतं, अक्का. ते आम्ही देतो.”

“अरे गाढवा, त्याला अपराधी वाटायला हवं होतं! त्यासाठीच तर आम्ही इथं उभे होतो!”

तो पायरीवरचा ओला पाला बुटानं बाजूला सारायला लागला.

“त्याच्या तोंडाशी आलं होतं, ऐकलंस ना तू? बेबीचं बोलणार होता तो. तुझा मेला कावळा मधे कडमडला.”

“ऐकलं.”

“मग चालू कर तो कर्णा आणि सांग त्याला. शिवलेला नाही म्हणून सांग. परत बसव त्याला.”

पद्माकरनं मांडवाकडं बघितलं. पाहुणे तोबरे काढत होते. एक जण रुमालानं डोळे पुसत होता. म्हणजे त्यांनाही शिवलेलाच दिसला होता.

“आत्ता नको,” तो म्हणाला. “अक्का, तुझ्या पाया पडतो, आत्ता नको. ह्या माणसांसमोर हे उघडं पडलं तर माझा जन्म पाण्यात गेला. संध्याकाळी हृषी मला फोन करेलच, तेव्हा मी स्वतः सांगतो. आईची शपथ. बेबी माझी कुणी नाही का?”

वरून गुरुजींनी हाक मारली. आता अजून थांबण्यात अर्थ नव्हता, त्यांनी दर्भाचा कावळा करायला घेतला होता. असं करतात आमच्यात. कावळा येतच नाही म्हटल्यावर दर्भाची काडी वाकवून, गाठ मारून कावळा करायचा आणि तो पिंडाला लावायचा.  भावजींनी तो गवताचा कावळा पिंडाला टेकवला आणि खाली मान घालून बसले. रडत होते.

“बघ,” पद्माकर माझ्या कानाशी म्हणाला, “तुमच्यातही खोटा कावळा चालतोच की. आम्ही वेगळं काय केलं?”

एवढी शिकलेली माणसं असं कसं बोलतात मला समजत नाही. त्या क्षणी माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी म्हटलं, “हा गवताचा आहे हे इथल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. सगळ्यांनी हात जोडून झाले, काय बोलायचं ते बोलून झालं, तरी गेलेल्याचं मन राखता आलं नाही, मग खाली मान घालून हा करतात. ह्याला बघून कुणाला शांत वाटत नाही, पद्माकर. घरी जाताना जीव खातो हा कावळा. तुझा काय करतो?”

तो वळून निघाला. मांडवातून त्याला बोलावणं आलं होतं. ते डोळे पुसणारे गृहस्थ वाटेत मला भेटले, हात जोडून म्हणाले, “माउली, अंगावर काटा आला हो.” मी म्हटलं, “माझ्याही.”

संध्याकाळी हृषीचा फोन मलाच आधी आला. पद्माकरची वाट बघायला मला धीर कुठला! मी सरळ सांगून टाकलं.

“हृषी, बाळा, कावळा शिवलेला नाही.”

“असं काय करतेस आई? शिवला की.”

“तो मामाच्या यंत्रातला होता. चित्रातला. इथं पिंड तसाच होता. शेवटी दर्भाचा करावा लागला. अरुणकाकाला विचार हवं तर.”

 तो म्हणाला, “आई, मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय.”

“अरे तेच तर सांगतेय.”

“काका तुझंच ऐकणार.” त्याचा आवाज बदलला. “तुला बेबीचं हवंय ना माझ्याकडून? मग सरळ बेबीचं बोल. बाबांचा जीव अडकला होता असं कशाला सांगतेस? मला किती बरं वाटत होतं, माहितेय तुला?”

पोटच्या पोरानं मला खोटारडी म्हटलं ते असं. शिवी दिली असती तर मी परत दिली असती. मी एवढंच म्हणू शकले, “मामाला विचार. त्यानंच बनवलंय ते. मामा सांगेल.”

“विचारतो,” म्हणाला आणि ठेवून दिला.

मी बेबीला खिचडी वाढली. तिला पापड भाजून दिला. तिचं खाऊन होतंय तोवर फोन परत वाजला.

“विचारलं मामाला,” हृषी म्हणाला. “मामा म्हणाला, जसं दिसलं तसंच झालं. म्हणाला, आईचं मन थाऱ्यावर नाहीये आत्ता, तिच्याशी वाद घालू नकोस.” मग अगदी मायेनं म्हणाला, “तू विश्रांती घे, आई. बेबीचं बघू आपण काहीतरी. घाई काय आहे?”

घाई काय आहे! मला त्या शब्दांची इतकी चीड आली की मी फोन पलंगावर आपटला. बेबी घाबरून रडायला लागली.

पद्माकरला मी दुसऱ्या दिवशी धरला. तो नाकबूल झाला नाही. म्हणाला, “अक्का, तो इतका समाधानी होता, मला बोलवेचना.” मग म्हणाला, “आणि कागदावर सह्या व्हायच्या होत्या आज.” ह्यातलं खरं कुठलं ते त्याचं त्यालाच माहीत. दोन्ही असतील. मी म्हटलं, “ह्या भाऊबीजेला येऊ नकोस. पुढच्याही येऊ नकोस.” तो आलाही नाही.

‘सन्निध’ मात्र जोरात चालली. टीव्हीवर जाहिरात यायची, एक गोड मुलगी तोबरा लावून आजीच्या पाया पडायची. मी चॅनेल बदलायचे. हृषीचा फोन दर रविवारी यायचा. बेबीचं नाव काढलं की तो म्हणायचा, ‘बघू’. नंतर नंतर मी नाव काढणं सोडलं, कारण मग पुढचा रविवार चुकायचा. भावजी गेले. गुरुजी गेले. त्या दिवशी पिंड जवळून बघितलेलं कुणी राहिलं नाही, मी आणि पद्माकर सोडून.

आणि मग काही वर्षांनी एकदम पेपरात पद्माकरचा लेख. आभासी जग कसं माणसाला माणसापासून तोडतं. मी दोनदा वाचला. म्हटलं पश्चात्ताप झाला वाटतं! चौकशी केली तर कळलं, ज्यांनी पैसे घातले होते त्यांनीच ह्याला कंपनीतून बाहेर काढला होता. खुर्ची गेल्यावर साहेबांचे डोळे उघडले. मग लेखमाला, मग पुस्तक, मग परिसंवाद. ज्यानं तोबरे बांधले तोच आता गावोगाव सांगत फिरत होता की तोबरे काढा. आणि लोक म्हणत होते, किती प्रामाणिक माणूस!

गेल्या वर्षी साताऱ्याच्या व्याख्यानमालेत त्याला बोलावलं. त्याचा फोन आला, इतक्या वर्षांनी. “अक्का, ये. त्या दिवसाचं बोलणार आहे मी. जाहीर बोलणार आहे.”

मी गेले. बेबीला नवी साडी नेसवून घेऊन गेले. पहिल्या रांगेत बसलो आम्ही. मला वाटलं, बोलेल एकदाचा. हे लोक ते मोबाइलवर टाकतात, हृषीपर्यंत जाईल. आता तरी तो विश्वास ठेवेल.

पद्माकर छान बोलतो. पहिल्यापासूनच. त्यानं दिवे मंद करायला लावले आणि सुरुवात केली. कोकणातला एक घाट. एक माउली. तिचा पायानं अधू असलेला धाकटा मुलगा. मोठा लंडनमध्ये डॉक्टर. पिंडाला कावळा शिवत नाही, आणि लंडनमध्ये तो शिवतो. आई फोनवर सांगते, तर मोठा तिच्यावर विश्वास ठेवत नाही. सभागृहात कुणी खोकतही नव्हतं. “त्या माउलीनं माझ्याकडं बघितलं,” पद्माकर म्हणाला, “आणि त्या क्षणी मी ती कंपनी सोडली.”

टाळ्या थांबेनात. माझ्या शेजारची बाई हुंदके देत होती. बेबीनंही टाळ्या वाजवल्या, मामा म्हणून.

नंतर गर्दीतून वाट काढत तो आमच्याकडं आला. गळ्यात शाल, हातात नारळ. “कसं झालं, अक्का?”

“तू कंपनी कधी सोडलीस रे? तुला काढलं ना?”

“व्याख्यानात थोडं इकडं तिकडं होतं गं.”

“आणि कोकण काय, लंडन काय, पायानं अधू काय? माहुली म्हणायला जीभ झडली होती?”

“तुमची अब्रू नको का सांभाळायला? नावं, गावं बदलावी लागतात. पण मथितार्थ तोच की.”

“मथितार्थ काय चुलीत घालायचाय मला? हृषीला फोन कर. आत्ता, माझ्यासमोर. सांग की तू खोटं बोललास.”

त्यानं नारळ ह्या हातातून त्या हातात घेतला. म्हणाला, “आता एवढ्या वर्षांनी? त्याला काय वाटेल, अक्का? माझ्याबद्दल काय वाटेल?” तेवढ्यात कुणीतरी सही मागायला आलं आणि तो त्यांच्याकडं वळला. मी बेबीचा हात धरला आणि रिक्षा बघितली.

त्यानंतर महिना गेला असेल नसेल. रविवार होता. हृषीचा फोन आला, नेहमीपेक्षा लवकर.

“आई, मामाचं सातारचं भाषण बघितलंस का? काय बोललाय! मी तीनदा बघितलं. इथल्या सगळ्या ग्रुपवर पाठवलं. लोक रडतायत अक्षरशः.”

“मी होते तिथं.”

“हो? मग तुला माहीत असेल. कोण गं ती बाई?”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. “कोण बाई?”

“ती कोकणातली. तिचं काय झालं पुढं? तो अधू मुलगा कुठं असतो आता? काही मदत पाठवता येईल का, आम्ही सगळे विचार करतोय. आणि तो मोठा भाऊ! कसा माणूस असेल गं? आई सांगतेय, तरी विश्वास ठेवत नाही.”

मी भिंतीला टेकून खाली बसले. आतल्या खोलीत बेबी आरशापुढं स्वतःशीच बोलत होती. मी म्हटलं, “हृषी, ती बाई मी आहे. तो मुलगा म्हणजे आपली बेबी. आणि तो मोठा भाऊ तू आहेस. मामानं नावं बदललीत.”

फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, पोचलं. देवा, पोचलं एकदाचं.

“मला आता उभं राहवत नाही फार वेळ,” मी म्हटलं. “मला दुसरं काही नको. माझ्यामागं बेबीला बघशील का, एवढं हो का नाही ते आज सांग. नाही म्हणालास तरी चालेल.”

“आई,” तो बोलला ते अगदी हळू, दुखणाईताची समजूत घालावी तसं. “असं सगळं स्वतःला लावून घेऊ नये गं. त्या लोकांचं वेगळं होतं. त्यांचा शिवला नव्हता. आपला शिवला होता.”